बाई बराबर, तं सगळं बराबर

"भावजी, भित्तीले काई झालं नाई. तुमच्या बाईचाच रंग गेला."

हे मी उटनूरच्या शाळेत साठ-सत्तर शेतकऱ्यांसमोर बोलले. डिगांबर तेव्हा नीळ घातलेल्या चुन्याची बादली उचलून भिंतीला तिसरा हात द्यायला निघाला होता. भिंतीवर त्याची बायको दिसत होती. सहा फूट उंच, आणि चार वर्षांपूर्वी वारलेली. मागच्या बाकावरून कोणीतरी हसलं. डिगांबरने बादली खाली ठेवली, माझ्याकडे न बघता मशीनचं बटण बंद केलं आणि भरदुपारी शाळेत काळोख झाला, कारण खिडक्यांना पोती आम्हीच बांधली होती.

हा डिगांबर गुडीहत्नूरला आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचा. खत-बियाण्यांच्या एका व्यापाऱ्याकडे नोकरीला होता. व्यापाऱ्याने एक मशीन आणलं होतं. त्यात बोटाएवढा फोटो सरकवला की पलीकडच्या भिंतीवर दरवाजाएवढा दिसायचा. कापसावरचा मावा, बोंडअळी, पानं लाल पडतात तो लाल्या, आणि सगळ्यात शेवटी औषधाचा डबा. डिगांबरने जीपमधून गावोगाव जाऊन हे दाखवायचं. व्यापाऱ्याला डबा दिसला की पुरे होतं. डिगांबरला पुरे नव्हतं. त्याचा हट्ट असा, की मुधोळला अळी ज्या रंगाची दिसली त्याच रंगाची ती उटनूरला दिसली पाहिजे.

आता भिंती का सगळ्या सारख्या असतात? एका गावात शेणाने सारवलेली, दुसऱ्या गावात पिवळट चुन्याची, कचेरीतली हिरवी. कुठे भिंतच नसली की लोक चादर आणून द्यायचे. एकदा चादर फुलांची निघाली आणि लोकांनी विचारलं, ही अळी गुलाबावर पण पडते का? तेव्हापासून डिगांबर स्वतःचं धोतर बाळगू लागला. त्या धोतराला नीळ लावायची नाही अशी घरात ताकीद होती. जीपच्या मागच्या बाजूला औषधाच्या डब्यांपेक्षा चुना, नीळ, कुंचे आणि बादल्या जास्त. कार्यक्रम अर्ध्या तासाचा, तयारी पाच तासांची.

विजेचं तर विचारूच नका. गावात पिठाची गिरणी चालू झाली की मशीनचा दिवा पिवळा पडायचा. मग हा पळत जाऊन गिरणी बंद करायला लावायचा. आमच्या गावात त्याने ती तीनदा बंद पाडली. तिसऱ्यांदा ज्वारीचा डबा घेऊन रांगेत मीच उभी होते. मी म्हटलं, भावजी, अळी पाहून भाकरी होते का? तो म्हणाला, "वैनी, थोडा वेळ थांबा, बाई बराबर होऊन राह्यली."

ही बाई म्हणजे त्याची बायको, पारबती. तिचं असं झालं, की कापसाचे फोटो काढायला हैदराबादेहून माणूस आला होता. रीळ संपताना त्यात एक फोटो उरला. डिगांबर म्हणाला, आमच्या घरचा काढा. पारबती अंगणात मिरच्या वाळत घालत होती. हळदीच्या रंगाचं लुगडं, हातात हिरव्या बांगड्या, कपाळावर कुंकू. वळून पाहिलं तेवढ्यात फोटो निघाला. ती चिडूनच पाहत होती.

डिगांबरला त्यात पिवळा, हिरवा आणि लाल असे तीन रंग एका जागी मिळाले. आणि हे तीन रंग खरे कसे आहेत ते त्याला घरबसल्या माहीत होते. म्हणून प्रत्येक गावात पहिला फोटो पारबतीचा. तिचं लुगडं खरं दिसेपर्यंत चुना, नीळ, धोतर, गिरणी यांचा खेळ चालायचा. ती जमली की हा मान डोलवून म्हणायचा, "बाई बराबर, तं सगळं बराबर." मगच अळी.

पारबतीला हे ठाऊक नव्हतं. आमच्या गावात कार्यक्रम झाला तेव्हा तिने पाहिलं. आधी आपण, लगेच बोंडअळी. दोन दिवस चूल पेटवली नाही तिने. डिगांबर आमच्याकडे जेवायला आला. ती भिंतीपलीकडून ओरडून विचारत होती, "अख्ख्या जिल्ह्यापुढं मले अळीच्या जोडीनं काऊन उभं केलं?" आणि हा घास हातात धरून सांगत होता, "तू खरी दिसली म्हंजे अळी खरी दिसते." याहून गोड बोलता त्याला येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी चूल पेटली.

पारबती पुढच्या पावसाळ्यात तापाने गेली. मूलबाळ नव्हतं. रीतीप्रमाणे तिचं ते हळदीचं लुगडं मला दिलं. मी दोन वर्षं नेसले. विटल्यावर फाडून गोधडीत घातलं.

डिगांबरने आठ दिवसांत पुन्हा जीप काढली. फोटोही तोच लावायचा. फक्त आता मलाही चल म्हणू लागला. एकट्याचा डोळा लबाडी करतो, लुगडं बराबर दिसतं का ते सांगायला दुसरं माणूस पाहिजे, म्हणे. मला फुकटात उटनूरच्या बाजाराला वांगी नेता येत होती, म्हणून मी जाऊ लागले. दुसरं काही कारण नव्हतं. गावात टोपली विकायची आणि शाळेत येऊन सांगायचं, हो, बराबर आहे.

पण मी पाहत होते. पूर्वी पारबती दहा मिनिटं भिंतीवर असायची. आता अर्धा तास, पाऊण तास. चुना वाळायची वाट बघायची, दिवा नीट उजळायची वाट बघायची, आणि ती तिथेच उभी. लोकांना ती पाठ झाली होती. शेतकरी आत येताना विचारायचे, बाई झाली का, की अजून आहे? जंगलाकडच्या एका म्हातारीने तिच्यासाठी चारोळी आणून दिली. डिगांबरने घेतली. नाही म्हणाला नाही.

त्यानंतर बाई तांबूस दिसायला लागली. डिगांबर म्हणाला, चुना वाईट. चुन्यात नीळ वाढवली. पुन्हा तांबूस. पुन्हा नीळ. मलाही वाटलं, असेल भिंतीचं. उटनूरला त्या दिवशी भिंत इतकी निळी झाली, की लाल्या दाखवल्यावर एक शेतकरी उठला, आपल्या शेतातलं पान घेऊन भिंतीजवळ गेला आणि दोन्ही शेजारी धरून म्हणाला, "साहेब, आमचा लाल्या लाल हाये. तुमचा जांभळासारका हाये. मंग आमाले दुसरंच काई झालं का?" औषध मारू की नको, हे तो विचारत होता. त्याचं पीक उभं होतं.

डिगांबरने पुन्हा पारबती लावली आणि बादली उचलली. तेव्हा मला कळलं. मिरची उन्हात जास्त राहिली की तिचा रंग जातो, हे कोणत्याही बाईला ठाऊक असतं. मशीनचा दिवा म्हणजे ऊनच. सगळ्यात जास्त वेळ त्या उन्हात कोण उभं होतं? बाकीच्या फोटोंना काही झालं नव्हतं. म्हणून मी बोलले. एकांतात सांगायला हवं होतं असं मागाहून लोक म्हणाले. एकांतात सांगेपर्यंत त्या माणसाचं पीक थांबलं असतं का?

दुसऱ्या दिवशी सकाळी डिगांबर माझ्या दारात आला, आत आला नाही.

"वैनी, मंग खरा रंग कसा होता?"

मी म्हटलं, पिवळा.

"पिवळा तं समजलं. कसा पिवळा?"

"हळदीसारका."

"हळद वली का सुकी?"

तो उंबऱ्याकडे पाहून म्हणाला, "रोज भित्तीवर पाहू पाहू मले आता तोच ध्यानात राह्यला. घरातली दिसतच नाई."

मी गोधडी ओढून आणली. वरून सगळी मातकट झाली होती. विळीने एका कडेची शिवण उसवली. दुमडून आत गेलेलं ते लुगड्याचं कमरेत खोचायचं टोक होतं, त्याला नेसतानाही ऊन लागलं नव्हतं. तिथे चार बोटांची पट्टी निघाली, अंगणातल्या लुगड्याची, जशीच्या तशी. मी ती कापून त्याच्या हातात दिली. त्याने ती दाराबाहेर उन्हात धरली, आणि लगेच मुठीत झाकली. तंबाखूची डबी रिकामी करून तिच्यात ठेवली. त्या हिवाळ्यात गोधडीच्या त्या कोपऱ्यातून थंडी यायची. मग मी दुसरं ठिगळ लावलं.

पुढच्या आठवड्यात त्याच शाळेत डिगांबरने निळी भिंत खरवडून साधा चुना दिला आणि पहिलाच फोटो लाल्याचा लावला. त्या शेतकऱ्याने पान धरून पाहिलं आणि म्हणाला, हां, हाच. कोणीतरी विचारलं, आज बाई नाही आणली का?

"ती घरी हाये," डिगांबर म्हणाला.

नंतर व्यापाऱ्याने टीव्ही आणि कॅसेट घेतली. टीव्हीचा रंगही गावोगाव वेगळा. डिगांबर सगळी बटणं फिरवून पाहायचा, पण कॅसेटमध्ये ओळखीचं कोणी नव्हतं, त्यामुळे रंग जमला की नाही ते त्याला समजायचं नाही. वर्षभरात त्याने नोकरी सोडली. मग ओट्यावर बसून असायचा. डबी बंडीच्या खिशात असायची. ती उघडताना मी त्याला कधी पाहिलं नाही. उजेड लागेल म्हणायचा.

पारबतीचं ते लुगडं नवं असताना पाहिलेली आमच्या गल्लीत दोनच माणसं उरली होती. डिगांबर मागच्या उन्हाळ्यात गेला. दुसरी मी.