ब्रेत्सेलचं सोवळं

कुत्र्यांच्या पिल्लांचा जीव घेणारा पार्व्होचा व्हायरस जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गमधल्या कुठल्याही घरात शिरला असता, पण दीनानाथ खांबेट्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये? नाव काढू नका! दीनानाथ मोटारींच्या कारखान्यात क्वालिटी विभागात होता.

"दाराच्या रबरात अर्ध्या मिलिमीटरची फट असली तरी मी शोधून काढतो," तो बायकोला म्हणाला, "माझ्या दारातून जंतू आत येईल?"

"जंतूला कळवलंयस का हे?" नंदिनी म्हणाली.

हे सगळं २००६च्या मार्चमधलं. आठ वर्षांच्या निधीनं दोन वर्षं सतत मागे लागून शेवटी कुत्र्याचं पिल्लू मिळवलं होतं. वय दहा आठवडे, रंग कॉफीचा, आणि कान पुढच्या दोन-तीन वर्षांचा विचार करून दिलेले. झोपताना ते असं वेटोळं करायचं, की निधीनं त्याचं नाव बेकरीतल्या ब्रेत्सेल नावाच्या वेटोळ्या पावावरून ठेवलं. पहिली लस झाली होती. पुढच्या दोन व्हायच्या होत्या. तोवर सगळा धोकाच.

दीनानाथ फुशारक्या मारत होता खरा, पण आतून तो घाबरला होता. त्याच्या कारखान्यातला योआखिम, चांगला साडेसहा फुटी गडी, त्याचं अकरा आठवड्यांचं पिल्लू गेल्या वर्षी पार्व्होनं चार दिवसांत गेलं होतं. कँटीनमध्ये बटाट्याच्या ताटावर मान घालून तो माणूस ढसाढसा रडला होता. दीनानाथनं ते घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यानं फक्त बारा नियम लिहिले, लॅमिनेट केले आणि फ्रिजवर लावले.

बाहेर पिल्लाचे पाय जमिनीला लागायचे नाहीत. फिरवायचं ते कडेवरून. अनोळखी कुत्र्याच्या जवळ न्यायचं नाही. बाहेरचे बूट बाहेर, आणि तेही तळवे दहा मिनिटं ब्लीचच्या पाण्यात बुडवून. नियम चौथा: आपल्या ताटातलं काहीही पिल्लाला द्यायचं नाही. हा नियम त्यानं लाल अक्षरात लिहिला होता, कारण पुण्याहून सासूबाई यायच्या होत्या!

सासूबाई, म्हणजे विभावरीबाई, आल्या, पण त्यांना व्हायरस पटेना. "दिसत नाही, वास येत नाही, आणि बुटाला चिकटून वर्षभर जगतो? काहीतरीच हं दीनानाथराव!"

दीनानाथनं जर्मन पुस्तिका दाखवली, आकृत्या काढल्या. शेवटी वैतागून तो म्हणाला, "आई, असं समजा, बाहेरून आलेल्यानं हातपाय न धुता, कपडे न बदलता त्याला शिवायचं नाही."

"अहो, म्हणजे सोवळंच की! मग असं मराठीत सांगा ना!"

इथे दीनानाथची पहिली चूक झाली. तो खूश झाला.

कारण विभावरीबाईंनी बारा नियमांचे दोन दिवसांत एकवीस केले. निधी शाळेतून आली की थेट बाथरूममध्ये! पोस्टातून आलेली पत्रं बाल्कनीत उन्हाला! आणि संध्याकाळी जावई जिना चढून आला की दारातूनच हुकूम, "अहो, तिथेच थांबा! तुमच्या कारखान्यातल्या योआखिमनं कुत्रा आणलाय म्हणे. तुम्ही त्याच्या शेजारी बसता ना? दहा नाही, वीस मिनिटं!"

त्यामुळे रोज संध्याकाळी पावणेसहाला काखेत ब्रीफकेस धरून, बुटांसकट निळ्या टबात उभा असलेला क्वालिटी इंजिनियर जिन्यातून येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू लागला. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे श्रीयुत, जर्मनमध्ये हेर, क्र्युगर वर आले. इमारतीची नियमावली, म्हणजे हाउसओर्डनुंग, त्यांना तोंडपाठ होती.

"हेर खांबेटे, जिन्यात उभं राहून पाय धुवायला परवानगी नाही."

"धूत नाही. नुसता उभा आहे."

"किती वेळ?"

"अजून अकरा मिनिटं."

हेर क्र्युगरनी घड्याळ पाहिलं आणि ते खरोखर अकरा मिनिटांनी पुन्हा आले! टब गेलाय ना, याची खात्री करायला.

बाकी सगळं झकास चाललं होतं. एकच अडचण होती, आणि ती जेवणाच्या टेबलावर होती. वोल्फ्सबुर्गच्या दुकानात बीट शिजवून, सोलून, पाकिटात बंद करून मिळतं, हे पाहून विभावरीबाईंना इतका आनंद झाला, की रोज बिटाची कोशिंबीर होऊ लागली. दही, दाण्याचं कूट, वर मिरचीची फोडणी.

"घ्या दीनानाथराव, तुमच्या आवडीची! अजून एक चमचा. माझ्यासाठी!"

जावयानं "छान झालीय" म्हणायचं, सासूनं दुसरा चमचा वाढायचा, आणि जावयानं "नको नको" म्हणत वाटी पुढे करायची, अशी रीत त्यांच्याकडे नऊ वर्षं चालू होती.

शनिवारी सकाळी निधीची किंकाळी ऐकू आली. ब्रेत्सेलनं उलटी केली होती. ते कोपऱ्यात पडून होतं, आणि अंथरलेल्या वर्तमानपत्रावर जे होतं ते पातळ होतं आणि लालभडक होतं.

उलटी, जुलाब, रक्त! पुस्तिकेच्या सातव्या पानावर याच क्रमानं लिहिलं होतं. त्यानं डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर लिंडेमानबाई म्हणाल्या, "लगेच या. पण वेटिंगरूममध्ये येऊ नका, तिथे दुसरी पिल्लं असतात. गाडीतच थांबा, मी मागच्या दारानं घेते. आणि नमुना आणा."

नमुना! नंदिनीनं पटकन डबा घेतला. विभावरीबाईंनी देवाचा अंगारा घेतला. दीनानाथ गाडी चालवत होता आणि सारखा आरशातून मागे बघत होता. निधीच्या मांडीवर टॉवेल होता, आणि टॉवेलातून नुसते दोन कान बाहेर आले होते. घरात मराठीत विचारलं तरी जर्मनमध्ये उत्तर देणारी ती पोरगी एकदम मराठीत बोलली.

"बाबा, हा मरणार नाही ना?"

दीनानाथनं गाडीचा वेग वाढवला. योआखिम आणि ते बटाट्याचं ताट त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

मागच्या दारातून त्यांना आत घेतलं. चाचणीला दहा मिनिटं लागणार होती. टबात त्यानं किती वीस-वीस मिनिटं काढली होती, पण ही दहा संपता संपेनात. डॉक्टरबाईंनी ताप पाहिला, पोट दाबून पाहिलं, डब्याचं झाकण उघडून बराच वेळ आत निरखलं. मग चाचणीची पट्टी बघितली.

"पार्व्हो नाही."

निधी रडायलाच लागली. नंदिनीही. विभावरीबाईंनी डॉक्टरांच्या टेबलालाच नमस्कार केला.

"तापही नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आणि हे रक्त नाही. हे बीट आहे. शिवाय तिखट. कुणी दिलं?"

नंदिनीनं ते मराठीत सांगितलं. नंदिनीनं हळूच आईकडे पाहिलं. निधीनं आजीकडे पाहिलं. बीट घरात दुसरं कोण आणत होतं?

"नाही गं," विभावरीबाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज बारीक झाला. "सांडलं असेल का माझ्या हातून? हल्ली चमचा थरथरतो माझा. माझ्यामुळे त्या मुक्या जिवाला..." आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

आता गप्प बसलं तर सुटता येत होतं! दीनानाथला ते स्पष्ट दिसलं. आणि एवढं सोवळं सांभाळणाऱ्या त्या बाईचा पदर डोळ्यांना लागलेलाही दिसला. त्याला स्वतःची लाज वाटली.

"मी दिलं," तो म्हणाला. "टेबलाखालून. गुरुवारी आणि काल."

"तू?" नंदिनी ओरडली. "चौथा नियम! लाल अक्षरातला!"

"ते आवडीनं खात होतं," दीनानाथ पुटपुटला.

विभावरीबाईंनी पदर खाली केला. "म्हणजे तुम्हाला बीट आवडत नाही?"

"नाही, आई."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवाळसणापासून."

"अहो, पण तुम्ही दोन-दोन वाट्या संपवायचात! पुण्यात तर बाल्कनीत बसून..." त्या एकदम थांबल्या. "बाल्कनीत माझा मोगरा होता!"

दीनानाथ जमिनीकडे बघू लागला.

"नऊ वर्षं!" त्या म्हणाल्या. "मोगरा जळतो म्हणून त्या माळ्याला मी काय काय बोलले हो!"

डॉक्टर लिंडेमाननी काय चाललंय ते विचारलं. नंदिनीनं भाषांतर केलं. मोगऱ्यापर्यंत आल्यावर डॉक्टरबाईंना खुर्चीवर बसावं लागलं. मग त्यांनी पोट शांत करायचं औषध दिलं, नियमांची चौकशी केली आणि मान हलवली. कडेवरून फिरवता ते उत्तम, बूट बाहेर ठेवता तेही उत्तम. पत्रं उन्हात घालायची गरज नाही. आणि या गृहस्थांना जेवताना एकटं सोडू नका.

परतताना विभावरीबाई मागच्या सीटवर ब्रेत्सेलला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. राग गेला होता. त्यांचा राग कधी टिकायचाच नाही. त्या मायेनं म्हणाल्या, "दीनानाथराव, झालं ते झालं. आता मोकळेपणानं सांगा, अजून काय काय आवडत नाही तुम्हाला? मी मुळीच वाईट वाटून घेणार नाही."

एवढी चांगली संधी जावयाला आयुष्यात एकदाच मिळते! दीनानाथनं आरशात पाहिलं. पिल्लू जिवंत होतं, निधी हसत होती, सासूबाईंनी माफ केलं होतं. त्याचं मन भरून आलं, आणि तो नको ते बोलून गेला.

"नाही हो आई, बाकी तुमच्या हातचं सगळं आवडतं."

रविवारी दुपारी त्याच्या पानात दुधी भोपळ्याची भाजी पडली. तिच्याशेजारी दुधीचं भरीत. वाटीत दुधीचं रायतं. बीट मात्र नव्हतं, विभावरीबाईंनी शब्द पाळला होता.

त्यानं टेबलाखाली पाहिलं. ब्रेत्सेल ठणठणीत होतं आणि मोठ्या आशेनं वर बघत होतं. त्याच्या शेजारी, मांडी घालून, निधी बसली होती.

"ईस, पापा," ती खालून म्हणाली. खा.

"कशी झालीय?" वरून सासूबाईंनी विचारलं.

"छान झालीय," दीनानाथ म्हणाला, आणि वाटी आपोआप पुढे झाली.