सील न फोडता डीएनए मोजण्याची पद्धत

संशोधनात सातत्याला पर्याय नाही, आणि आमच्या विभागाइतकं सातत्य घड्याळातही सापडत नाही. (आमचं बंद आहे.) खाऱ्या पाण्यात विरघळवलेला डीएनए विजेला कसा प्रतिसाद देतो, हे आम्ही सात वर्षं मोजलं. एकूण नोंदी अकरा हजार चारशे. सगळ्या एकसारख्या.

थोडं शास्त्र सांगतो. डीएनएवर ऋण विद्युतभार असतो. मिठाच्या पाण्यात सोडियमचे धनभारित कण त्याच्याभोवती गोळा होतात आणि तो भार बराचसा झाकून टाकतात. (विभागप्रमुखांच्या केबिनबाहेर पाच मिनिटं उभं राहिलं की हे नीट समजतं.) त्यामुळे डीएनए पाण्यात असला काय, नसला काय, मीटरला पत्ता लागत नाही, असा आमचा निष्कर्ष. त्यावर नऊ शोधनिबंध आणि चार बढत्या झाल्या. राहिली होती फक्त सात वर्षं मोजत बसलेल्या मुलीची पीएचडी. तिच्या सासूबाई शेजारणींना सांगत, "आमची सून मिठाचं पाणी मोजते." त्यावरून घरात दोनदा अबोला झाला होता.

तोंडी परीक्षेला आठ दिवस उरले असताना प्रयोगशाळेतल्या मामांनी फ्रीजर साफ करायला काढला.

"मॅडम, ही नळी टाकून देऊ का? सात वर्षं झाली, कुणी सीलसुद्धा फोडलेलं नाही."

नळीवर लिहिलं होतं : डीएनए. पोरीने पहिल्या वर्षाची नोंदवही उघडली. डीएनए तिच्या मार्गदर्शक सरांनी घातलाय असं ती समजत होती, आणि तिनं घातलाय असं सर.

तातडीने चौकशी समिती नेमली गेली. (सचिव मीच.) समितीचं मत पडलं की डीएनए पाण्यात नव्हता हे खरं, पण असता तरी त्याने असंच वागणं अपेक्षित होतं, सबब तो होता असं समजण्यास हरकत नाही. सासूबाईंचं मत शास्त्रीयदृष्ट्या अचूक आढळलं, परंतु विहित नमुन्यात नसल्याने दप्तरी दाखल करण्यात आलं.

मुलगी मात्र हट्टी. "सर, सहा महिने द्या. खरोखरचा डीएनए घालून परत मोजते."

"अगं, आणि आकडे वेगळे आले तर?"

"तर वेगळे लिहू."

सरांनी प्यायला पाणी मागितलं. (साधं.)

तिनं सील फोडलं. आकडे वेगळे आले. नव्या नोंदी विभागाच्या अकरा हजार चारशे नोंदींशी विसंगत असल्याने डीएनएच सदोष ठरवण्यात आला, आणि पदवी हवी तर जुन्या आकड्यांखाली सही करावी, असं तिला कळवण्यात आलं. तिनं सही केली नाही. सात वर्षं एका पिशवीत भरून ती घरी गेली. मला फार वाईट वाटलं, पण वाईट वाटणं इतिवृत्तात घेता येत नाही.

पद्धत मात्र झपाट्याने पसरली. वेळ वाचतो, सील शाबूत राहतं, निकाल कुणालाच दुखवत नाहीत. नाक्यावरच्या रक्ततपासणी केंद्राने ती गेल्याच महिन्यात स्वीकारली. तुमचा परवाचा रिपोर्ट अगदी नॉर्मल आला म्हणे, घरी फोन करून सगळ्यांना सांगितलंत. अभिनंदन.