मेश्रामबाबू आणि कोकीचा डबा

ही गोष्ट सांगायचं मी नऊ वर्षं टाळलं. कॉलनीत मेश्रामबाबूंचा विषय निघाला की मी त्यांचे किस्से रंगवून सांगायचो, लोक पोट धरून हसायचे, आणि शेवटचा किस्सा यायच्या आत मला घरचं काहीतरी काम आठवायचं. आता मी अठ्ठ्याहत्तरचा आहे. घरचे मला काम सांगत नाहीत, तेव्हा आठवणार काय? म्हणून आज सगळं लिहितो. हसण्यासारखं आधी.

मेश्रामबाबू कुत्र्याचं खाणं खायचे.

रोज नव्हे; घरात नवं पोतं आलं की. आपण फुटाणे टाकतो तसे चार दाणे तोंडात टाकायचे, डोळे मिटून सावकाश चावायचे आणि मत द्यायचे. "मीठ जास्त आहे." किंवा, "तेल जुनं आहे. घशाले लागून राहिलं." एकदा त्यांनी मूठ माझ्यापुढे केली. "घ्या ना, घाटेसाहेब. चाखून पाहा."

मी म्हणालो, "आज माझी चतुर्थी आहे."

"मंग तर घ्याच. यात मांस नावालेई नाई."

भिलाईजवळच्या जुनवानीत आमची घरं समोरासमोर. दोघंही भिलाईच्या पोलाद प्लांटमधून निवृत्त झालेले. ते प्रयोगशाळेतून, मी खरेदी खात्यातून. मी मागवलेला माल ते तपासायचे आणि नापास करायचे, त्यामुळे नोकरीभर आमचं बोलणं कागदावरच झालं. मी इथे राहायला आलो त्या दिवशी त्यांनी फाटकातून हात वर केला. "जय भीम, घाटेसाहेब! या चहाले. आता मी काई नापास करत नाई."

हे साफ खोटं होतं.

कोकी ही त्यांच्या पत्नीनं, विमलबाईंनी रस्त्यावरून उचलून आणलेली कुत्री. भट्टीतल्या कोळशासारखी, कोकसारखी काळी, म्हणून कोकी. विमलबाई गेल्या आणि कोकीच्या जेवणाचं खातं मेश्रामबाबूंकडे आलं. दूधभाकरीनं तिचं पोट बिघडायचं, म्हणून जनावरांच्या डॉक्टरांनी विकतचं खाणं सुचवलं. मेश्रामबाबूंनी पहिलं पाकीट आणलं, चष्मा कपाळावर चढवून मागची बारीक अक्षरं वाचली, आणि त्यांची निवृत्ती तिथेच संपली.

"पाहा साहेब, फोटो कोंबडीचा. आतमधी पयल्या नंबरवर मका. मंग फोटो मक्याचा लावा ना! अन् हे पाहा. मका, मक्याचं पीठ, मक्याचं सत्त्व. एकच माणूस तीन नावानं राशनच्या लाईनमधी उभा आहे."

दुसऱ्या पाकिटावर कोंबडीचा स्वाद असं लिहिलेलं होतं. "स्वाद म्हणजे कोंबडी वरून उडून गेली असंन." तिसऱ्यावर मांसजन्य पदार्थ. "जन्य म्हणजे काय? मीई माझ्या बापाजन्य आहे. कोणता भाग घेतला ते सांगा." लाल-हिरवे दाणे दिसले की त्यांचा आवाज चढायचा. "कुत्र्याले रंग कायले पाह्यजे? त्याले काय वरातीत जायचं आहे?"

पण वाचणं ही नुसती सुरुवात. पाकिटावर त्यांचा विश्वास नव्हता. ते पोतं व्हरांड्यात वर्तमानपत्रावर ओतायचे आणि प्लांटमध्ये खनिजाचा नमुना काढतात तसा काढायचे. आधी ढीग, टोकदार, शंकूसारखा. मग तो वरून दाबून चपटा. मग फुटपट्टीनं चार वाटे. समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन बाजूला. राहिलेल्याचा पुन्हा ढीग, पुन्हा चार वाटे. शेवटी मूठभर दाणे उरायचे, आणि ती मूठ म्हणजे सगळं पोतं.

हे सगळं होईपर्यंत कोकी उंबऱ्यावर बसून लाळ गाळायची. तिला शिस्त होती. मेश्रामबाबू "पास" म्हणाल्याशिवाय ती नाक पुढे करत नसे.

त्या मुठीतले थोडे दाणे खलात कुटून ते मुशीत, म्हणजे प्रयोगशाळेतल्या जाळायच्या वाटीत घालून गॅसवर जाळायचे. काळा धूर, मग राख. राख तोलायची, बोटांवर चोळायची, खरखर लागली तर "वाळू आहे" म्हणायचं. त्या वासानं आख्खी गल्ली नाक दाबायची. शेजारच्या साहूबाई काय जळतंय म्हणून भिंतीवरून छत्तीसगढीत ओरडायच्या, "का जरत हे, बाबू?" मेश्रामबाबू आतून शांतपणे सांगायचे, "पाकिटावर लोकं काहीई लिहिते, बाई. राख खोटं बोलत नाई."

आणि प्रत्येक पोत्यातले थोडे दाणे ते लोणच्याच्या लहान बाटलीत भरून, झाकणाला मेण लावून, वर चिठ्ठी चिकटवून फडताळात ठेवायचे. नाव, तारीख, राख, निकाल. प्रयोगशाळेत असा राखीव नमुना ठेवतात. पुढे भांडण झालं तर तो फोडून पुन्हा तपासायचा. मी विचारलं, "इथे कोण भांडणार? कोकी?"

"तुमी खरेदीवाले असंच म्हणत होते."

हळूहळू नेहरू नगरपासूनचे लोक आपापल्या कुत्र्यांची पाकिटं घेऊन येऊ लागले. मेश्रामबाबू त्यांना व्हरांड्यात बसवायचे आणि रोग्याला सांगावं तसं सांगायचे. नोकरीत ज्याला कोणी साहेब म्हटलं नव्हतं, त्याच्या फाटकाशी लोक चपला काढून उभे राहत. मला थोडा हेवाही वाटायचा.

आता राहिलेलं.

नऊ वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, नागपूरला, मुलीकडे. मुलगी प्रज्ञा दोन खोल्यांत राहायची. कुत्रीला जागा नव्हती. मेश्रामबाबूंनी कोकी माझ्याकडे आणली. सोबत पत्र्याचा डबा, दहा दिवसांचं खाणं मोजून भरलेलं.

"पास केलेला माल आहे, साहेब. फक्त झाकण घट्ट लावा. अन् कूलरपासून दूर ठेवा. ओलावा चोर आहे, आवाज न करता घरात घुसते."

"अहो, मी काय लहान आहे?"

"लहान पोरगं आयकते."

मी डबा कूलरशेजारच्या तिवईवर ठेवला. तिथे हाताशी येत होता. झाकण घट्ट होतं, उघडताना नखं दुखायची, म्हणून तिसऱ्या दिवसापासून नुसतं वर टेकवून ठेवू लागलो. पाचव्या दिवशी हात घातला तर वरचे दाणे लिबलिबीत, गोळा झालेले, आणि त्यांवर हिरवट लव.

वरचे फेकले. खालचे बरे वाटले, ते ठेवले. डबा अर्धा रिकामा दिसायला लागला. चांगलं पाकीट नेहरू नगरला मिळायचं, पण बाहेर ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. मी आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. तिथे उघड्या पोत्यातून सुटं खाणं मिळायचं. लाल, हिरवं, तपकिरी. ते आणून डब्यात मिसळलं. कोकीनं वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. ती उभीच राहिली तेव्हा मला आठवलं. मी म्हणालो, "पास."

तिनं खाल्लं.

सातव्या दिवसापासून ती खाईना. उलट्या झाल्या. मी बायकोला म्हणालो, उन्हाळा आहे. आणि मेश्रामबाबू यायच्या आदल्या दिवशी मी पंख्याखाली परातीत तो डबा ओतला आणि तांदळातले खडे वेचावेत तसे लाल आणि हिरवे दाणे वेचून काढले. बायकोनं विचारलं, "काय करून राहिले तुमी?" मी म्हणालो, "साफ करतो आहे." आजारी कुत्री कोपऱ्यातून बघत होती, आणि मी तिच्याऐवजी डब्याची काळजी घेत होतो.

मेश्रामबाबू डोळ्याला हिरवी पट्टी लावून आले. माझ्याकडून दोन्ही घेऊन निघाले: एका हातात डबा, एका हातात कोकीचा पट्टा. ती चालेना, म्हणून आम्ही तिला रिक्षातून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट चाचपलं, डोळ्यांच्या पापण्या उलटून पाहिल्या. आत पिवळं होतं. विचारलं, "क्या खिलाया इसको?"

मेश्रामबाबूंनी माझ्याकडे मान वळवली. मी म्हणालो, "वही, जो बाबूजी रखके गए थे."

एवढंच. या एका वाक्यासाठी मी हे सगळं लिहितो आहे. खरं सांगितलं असतं तर डॉक्टरांनी वेगळं औषध दिलं असतं का, ती जगली असती का, मला ठाऊक नाही. पण न सांगितल्यामुळे ते कधीच ठाऊक होणार नाही.

मेश्रामबाबू डॉक्टरांना म्हणाले, "तो माल मैंनेच पास किया था."

चार दिवसांनी सकाळी त्यांनी तिच्यापुढे ताटली ठेवली आणि म्हणाले, "पास." ती उठली नाही. पुन्हा म्हणाले. मी फाटकात उभा होतो. तिसऱ्यांदा ते म्हणाले तेव्हा मी घरी निघून आलो. मागच्या पेरूखाली त्यांनी तिला पुरलं.

त्यानंतर त्यांनी तपासणं सोडलं. लोक पाकिटं घेऊन यायचे, ते फाटकातूनच परतवायचे. "माझा हात गेला, भाऊ. माझंच टेस्टिंग चुकलं." लोक वाईट वाटून घ्यायचे. मीही मान हलवायचो.

मात्र रोज सकाळी ते माझ्याकडे यायला लागले. पायरीवर बसायचे, चहा घ्यायचे. पहिल्या आठवड्यात विचारलं, "काय काय खाल्लं होतं हो तिनं, इथं असताना?"

"तेच. डब्यातलं."

"बरं."

महिन्यानं पुन्हा विचारलं. मी तेच सांगितलं. "बरं," म्हणाले आणि बशीतला चहा फुंकत राहिले. मला वाटायचं, हा माणूस अजून शंका घेतो आहे. म्हणून मी कधी कधी आतून बायकोकरवी निरोप द्यायचो की साहेब आंघोळीला गेलेत. ते पायरीवर थांबायचे. माझ्या आंघोळी फार लांबल्या त्या वर्षी.

एकदा ते आपणहून बोलले. "विमल हॉस्पिटलमधी होती ना, तिले बोलाचं होत नव्हतं. माझा हात धरून एवढंच म्हणे, कोकीले खराब काई देऊ नका. माह्यासाठी काई नाई म्हटलं, साहेब. पोरीसाठीई नाई." मग हसले. "म्हणून ते राखेचं येडं लागलं. तुमाले वाटलं असंन, म्हातारा सटकला."

मी तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. म्हणालो, "चहा आणखी सांगू?"

दर बुद्धपौर्णिमेला ते आमच्याकडे खीर आणायचे. पुढच्या वर्षीही आणली. मी ठरवून बसलो होतो. वाटी हातात घेतली आणि म्हणालो, "साखर जरा जास्त झाली."

"हो ना," ते म्हणाले. "चाखून पाह्यली नाई."

त्या पावसाळ्यानंतर ते नागपूरला गेले, मुलीकडे. तिथेच वारले. प्रज्ञा घर रिकामं करायला आली तेव्हा तिनं मला हाक मारली. "काका, या बाटल्यांचं काय करू? बाबांनी काहून जपल्या, मले तर समजत नाई."

फडताळात ओळीनं बाटल्या होत्या. शेवटच्या दोन जवळजवळ ठेवलेल्या. एकीवर त्या मे महिन्याच्या पोत्याचं नाव, तिचं मेण फोडलेलं होतं, आणि जुन्या चिठ्ठीखाली नवी ओळ होती: "पुन्हा तपासला. ठीक. पास." म्हणजे त्यांचा हात गेला नव्हता, आणि हे त्यांना माहीत होतं.

दुसरीवर लिहिलं होतं: "डब्यातला. पोत्याशी जुळत नाही. बुरशी." तारीख कोकी गेल्यानंतर तिसऱ्या दिवसाची. मी पायरीवर पहिल्यांदा "तेच" म्हणालो त्याच्या आधीची. खाली निकालाची जागा होती. आयुष्यभर ज्या माणसानं ती जागा कधी मोकळी सोडली नव्हती, त्यानं ती मोकळी सोडली होती.

मी बाटली उजेडात धरली. तपकिरी दाण्यांत एक हिरवा दाणा होता. माझ्या वेचण्यातून सुटलेला.

"फेकू का, काका?"

"नको," मी म्हणालो. "ही मला दे."

ती माझ्या टेबलावर आहे. रोज सकाळी सातला, त्यांच्या चहाच्या वेळेला, मी तिच्यापुढे बसतो आणि पाठ केलेलं वाक्य सुरू करतो: मेश्रामबाबू, डब्यात तुमचा माल नव्हता, तो मी…