पंप नको म्हणजे नको

मी हात वर केला तो पंखा जरा हळू करा म्हणायला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे घडलं त्याला आमच्या गल्लीत ‘लढा’ म्हणतात आणि त्या लढ्याचा पुढारी मी होतो.

सभा सांडपाण्याच्या पंपाबद्दल होती. आमची गल्ली खोलगट भागात आणि मुख्य गटार वरच्या रस्त्याला. तेव्हा गल्लीचं सांडपाणी उचलून वर ढकलायला आमच्या इमारतीमागच्या मोकळ्या जागेत पंपिंग स्टेशन बांधायचं, असं नगरपालिकेच्या इंजिनिअरबाई नकाशा दाखवून समजावत होत्या. तो नकाशा पंख्याच्या वाऱ्याने सारखा माझ्या तोंडावर येत होता, म्हणून मी हात वर केला. बाईंनी विचारलं, "तुमचा विरोध आहे का?" अख्खी सभा वळून माझ्याकडे बघायला लागली. एवढ्या लोकांसमोर पंख्याविषयी काय बोलणार? मी म्हणालो, "आहे."

टाळ्या पडल्या. (विमा कंपनीत कारकुनी करणाऱ्या माणसाला टाळ्या सोसत नाहीत. सवय नसते.) मग मी बोलतच सुटलो, आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की माझा खरोखरच विरोध आहे. ती मोकळी जागा आमच्या बेडरूमच्या खिडकीला लागून. आमच्या तळमजल्याच्या घरात एवढी एकच गोष्ट चांगली आहे. रविवारी दुपारी मी त्या खिडकीशी आडवा पडतो, वारा येतो, आणि तासभर मी कोणाचा कारकून नसतो. आता तिच्याबाहेर रात्रंदिवस घरघर, आणि टाकीत साऱ्या गल्लीची घाण? वास येणार नाही म्हणे. "मग तुमच्या खिडकीखाली बांधा," मी बाईंना सुनावलं. पुन्हा टाळ्या. घरी पोहोचेपर्यंत मी पुढारी झालो होतो.

बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली की आपल्या बाथरूमचं पाणी आत्ताच धड उतरत नाही, पंप आला तर बरंच होईल. लढ्यात बाथरूम आणायचं नसतं, असं मी तिला समजावलं. ती कुकर लावायला निघून गेली.

रविवारी बाई पाहणीला येणार होत्या. आदल्या दिवशी जिन्यावर आमची बैठक बसली. तिथे मी माझी योजना मांडली. बाई इमारतीसमोरचं चेंबर उघडतील, त्या क्षणी प्रत्येक घराने आपलं सगळं पाणी एकदम सोडायचं. नळ, टाक्या, बादल्या, काही म्हणजे काही ठेवायचं नाही. बाईंच्या डोळ्यांदेखत ते सगळं सरसर निघून जाईल आणि आमच्या लाइनला पंपाची गरज नाही हे त्या निमूट कबूल करतील. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांनी मला मिठी मारली.

जिन्याला कुठला रंग द्यायचा यावर आमचं आजवर एकमत झालेलं नाही, पण या कामात इमारत एकदिलाने उतरली. घराघरांत बादल्या, पातेली, टब भरले गेले. दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी नातवाचा फुगवायचा हौद भरला. हेडमास्तरांनी मेव्हण्याला त्याच्या पिंपासकट बोलावून घेतलं.

बाई गमबूट घालून आल्या. चेंबरचं झाकण निघालं आणि मी इशारा केला. सगळी इमारत गरजली. चेंबरमधून पाणी असं धावलं की माझी छाती भरून आली. "बघा," मी म्हणालो.

बाई बघतच होत्या. पाणी धावायचं थांबलं, मग वर चढायला लागलं.

"पुढची लाइन भरली," त्या शांतपणे म्हणाल्या. "आता हे सगळ्यात खालच्या घरात उलटं येणार. तळमजल्यावर कोण राहतं?"

"अहो," आतून हाक आली. संसारात मी तऱ्हेतऱ्हेचे अहो ऐकले आहेत. हा नवीन होता.

मी वर बघून दोन्ही हात जिवाच्या आकांताने हलवले. थांबा, थांबा. गॅलरीतल्या हेडमास्तरांना वाटलं, मी आणखी जोर करा म्हणतोय. त्यांनी आत वळून मेव्हण्याला खूण केली, आणि पिंप कलंडलं.

मी आत धावलो. बाथरूमच्या जाळीतून काळं पाणी उसळत होतं, माझी एक चप्पल दाराबाहेर निघाली होती, आणि कमोडचं झाकण आतून कोणीतरी ढकलल्यासारखं उडत होतं. वजन ठेवायला काही सापडेना. मी स्वतः बसलो. झाकण बसलं. दुसरा मजला, तिसरा मजला, मेव्हण्याचं पिंप, सगळ्यांचं ऐक्य आता माझ्याखाली होतं.

इंजिनिअरबाई दारात आल्या. "विरोध अजून कायम आहे?"

"कायम," मी म्हणालो. तेवढ्यात खालून एक धक्का आला आणि मला नळ धरावा लागला. पण मागे हटणारा मी नव्हे. "लाइन तुमची असेल, खिडकी माझी आहे. पंप नको म्हणजे नको." आणि खरं सांगतो, घोट्यापर्यंत त्या पाण्यात बसूनही मला एका शब्दाचा पश्चात्ताप नव्हता. आजही नाही.

बायको हातात खराटा घेऊन बाईंच्या मागे उभी होती. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "मॅडम, पंप कधी बसेल?"

बाई म्हणाल्या, रहिवाशांची हरकत नसेल तर सहा-आठ महिन्यांत.

"कोणाची हरकत नाही," बायको म्हणाली. (जिन्यात गोळा झालेल्या माझ्या साऱ्या सैन्याने माना डोलावल्या. सर्वांत आधी हेडमास्तरांनी.)

वरचं पाणी संपलं असावं. खालचे धक्के मंदावले. बाईंनी जाळीकडे वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "ओसरतंय. आता ह्यांना उठायला सांगा."

बायकोने मला नीट न्याहाळलं. लग्नानंतर इतक्या विश्वासाने ती माझ्याकडे पहिल्यांदाच बघत होती.

"नको, मॅडम," ती म्हणाली. "पंप येईपर्यंत ह्यांना इथेच बसू द्या."