माझ्या जबड्यातली पाल

एखादं काम मी हातात घेतलं की ते फत्ते झालंच म्हणून समजा! आमच्या लेकीचं, प्रतिमाचं, लग्नसुद्धा मीच जमवलं. मीच, म्हणजे माझ्या जबड्याने!

तेव्हा मी बेंगळुरात सरकारी कचेरीत हेडक्लार्क होतो. जन्मभर फायलींत मान खुपसून माझा जबडा कामातून गेला होता. तोंड उघडलं की कानाखाली आवाज, 'कट्!'

धारवाडहून भीमाचार्य सहकुटुंब प्रतिमाला पाहायला आले, तेव्हाही तेच झालं. मुलामुलीची पसंती झालीच होती, अडलं होतं ते फक्त भीमाचार्यांच्या होकारावर.

"मुलगी शांत आहे ना?" त्यांनी विचारलं.

"अगदी!" म्हणायला मी तोंड उघडलं. कट्!

भीमाचार्यांनी लगेच जमिनीवर बोटांनी टकटक केलं. "कृष्ण, कृष्ण! पाल बोलली! म्हणजे खरंच की!"

मीही आढ्याकडे बघत मान डोलावली. पण रविवारी सुपारी फुटायची होती आणि नंतर पंगत! शेजारी बसून जेवताना पाल माझ्या तोंडात आहे हे त्यांना कळलं तर? मी तडक प्रतिमाला घेऊन यशवंतपूरच्या तालमीत हाडं बसवणाऱ्या मल्लाप्पा उस्तादांकडे गेलो.

"अण्णा, दोष जबड्यात नाही, बसण्यात आहे!" उस्ताद गरजले. "तोंड स्वल्प उघडा!" आणि दोन्ही अंगठे माझ्या दाढांवर ठेवून त्यांनी असं काही दाबलं की मला माझे आजोबा दिसले! मग मान खेचली. "आता पाठ ताठ, हनुवटी आत. सरी, ठीक?"

आवाज बंद! प्रतिमा मात्र सगळं डोळे फाडून बघत होती.

रविवारी मी खांबासारखा ताठ बसलो. "अहो, फोटो काढायचाय का तुमचा?" आमची बायको, प्रेमा, कुजबुजली.

"मग, सुपारी फोडायची?" भीमाचार्यांनी विचारलं.

"अगदी!" मी म्हणालो.

भीमाचार्य आढ्याकडे बघत बसले. "आज पाल बोलत नाही," ते म्हणाले. "कौल नाही, तर मी पुढे कसा जाऊ?"

प्रतिमाचे डोळे भरून आले. नको तेव्हा वाजणारा जबडा आता मेला वाजेना! मी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. काही नाही! बायकोने हळूच चिमटा काढला, "वाजवा ना!" मग मी संतापून असा काही जबडा ताणला की तो उघडाच राहिला. मिटेचना!

"आ! आ!" मी प्रतिमाला खुणावलं.

तिने पानाचं तबक खाली ठेवलं, पदर खोचला आणि दोन्ही अंगठे माझ्या तोंडात घातले. नवरामुलगा बघत होता, पण पोरगा शहाणा निघाला. त्याने मान खाली घातली. भीमाचार्यांची नजर अजून आढ्यालाच.

"काय काय मनात होतं माझ्या!" ते वर बघतच बोलत होते. "लग्न इथेच करावं, आणि लग्न होईपर्यंत आम्ही सगळ्यांनी तुमच्याच घरी राहावं—"

कट्!!

"कृष्ण, कृष्ण! पाल बोलली! ठरलं!"

प्रतिमा लाजून आत पळाली. मुहूर्त निघाला वैशाखातला.

तेव्हा कार्तिक चालू होता!