सुभेदार डबलशीट निघाला

आमच्या गल्लीतला यशवंता सुभेदार रोज सकाळी जोंधळ्याचं पोतं फिरवून आणतो. शहरातली माणसं कुत्रं फिरवतात, हा पोतं. सायकलच्या कॅरियरवर पोतं उभं बांधायचं, वर गोधडी टाकायची, बंधाऱ्यापर्यंत जायचं, परत यायचं आणि पोतं सोडून घरात ठेवायचं. पहिल्या दिवशी गिरणीवाल्यानं हाक मारली, तर यशवंता न थांबता पुढं गेला. आता गिरणीवालाही विचारत नाही.

पोतं कशासाठी ते सगळ्या गावाला माहीत आहे. यशवंताला चैत्रातल्या जत्रेला बायकोला घेऊन तिच्या माहेरी जायचंय. सायकलवर, डबलशीट. माहेर नदीपलीकडं चार कोस. यशवंताचं वय सत्तरीच्या पुढं. मी त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, म्हणून सांगतो. पोरगा सांगलीत असतो, त्याच्याकडं मोटार आहे, फोन केला तर तासाभरात दारात उभी राहील. पण यशवंताचं एकच म्हणणं, "मोटारीतनं नेलं तर पोरानं नेलं. म्या न्हेलं असं कुठं हुतंय?"

पोत्याचं वजनही त्यानं हिशेबानं ठरवलं होतं. आरोग्य केंद्रात बायकोचं, म्हणजे हौसाबाईंचं, वजन झालं, तो कागद त्यानं खिशात घातला आणि घरी येऊन तेवढाच जोंधळा मापला. दिवाळीनंतर पोत्यात दोन शेर वाढले. हे हौसाबाईंना कळलं तेव्हा त्या दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत.

हा माणूस पलटणीत ट्रकवर होता. तीसेक वर्षं त्यानं सायकलला हात लावला नव्हता. मागच्या साली सांगलीहून जुनी काळी सायकल घेऊन आला आणि तेव्हापासून तिची रोज परेड. निघायच्या आधी दारात उभा राहून हजेरी घेतो. "चेन?" म्हणतो आणि स्वतःच खालच्या आवाजात "हाजिर" म्हणतो. मग ब्रेक, मग हवा, मग चाकं. घंटीची हजेरी मात्र घंटीच देते.

आता माझं सांगतो. एसटी स्टँडसमोर माझं सायकलचं दुकान चाळीस वर्षं होतं. शाळा म्हणाल तर तिसरी, तीही सगळी नाही. पण आंधळ्यानं हात फिरवून माणूस ओळखावा तसा मी चाक ओळखतो. मोटारसायकली आल्या, दुकान बंद केलं, पेटी घरी आणली. ती पेटी माझ्या ओट्यावर आणि समोर यशवंताचं दार. मधे दहा पावलं. वर्षभरात ती दहा पावलं तो आला नाही. मीही गेलो नाही. त्यानं पहिल्याच दिवशी सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "ट्रकाचं विंजन खोलून जोडलंय, सायकल म्हंजे काय? मशीन कुणाला भीत न्हाई आन् खोटं बोलत न्हाई." ठीक आहे म्हटलं. चालू दे.

आणि मी ओट्यावर बसून बघत राहिलो. खोटं कशाला बोलू, मजा यायची. पहिलं पंक्चर त्यानं काढलं तेव्हा घमेल्यात पाणी, कानस, सोल्युशन, सगळं ओळीनं मांडलं, शस्त्रपूजेला मांडतात तसं. ठिगळ चांगलं बसवलं. टायर चढवला, हवा भरली, कोपऱ्यापर्यंत गेला आणि परत हवा गेली. दुसरं ठिगळ. परत गेली. बाभळीचा काटा टायरमध्येच होता. टायर आतून चाचपून बघायचा असतो, हे मी तिथून एका शब्दात सांगितलं असतं. त्यानं विचारलं असतं तर. तिसऱ्या वेळी काटा त्याच्याच बोटात घुसला, तेव्हा त्याला सापडला.

जत्रेला आठ दिवस राहिले तेव्हा त्यानं दोन्ही पायडलं काढली, रॉकेलमध्ये धुतली, ग्रीस भरलं. इथपर्यंत बरोबर. आता, डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात. पायडल मारताना ते आपोआप सुटू नये म्हणून ही सोय. पायडलाच्या टोकावर इंग्रजी अक्षर असतं, एल नाहीतर आर. मला इंग्रजीतली ती दोनच अक्षरं येतात, पण आयुष्यभर पुरली. ज्यानं वीस वर्षं लेफ्ट-राइट केलं, त्या यशवंतानं उजवं पायडल डाव्या बाजूला लावलं. ते जाईना. मग पान्याला लोखंडी पाइप अडकवला आणि ट्रकच्या चाकाचा नट आवळावा तसा जोर लावला. करकर आवाज माझ्या ओट्यापर्यंत आला. दुसऱ्या बाजूलाही तेच केलं.

मी बघितलं. आणि मी बोललो नाही.

पुढचे सहा दिवस सायकल चालली. जत्रेच्या आदल्या सकाळी बंधाऱ्याच्या उतारावर डावं पायडल निसटलं. यशवंता एका बाजूला, पोतं दुसऱ्या बाजूला. उसाच्या पाण्याला निघालेल्या लोकांनी दोघांना उचललं. गुडघा सोलला, हाताला खरचटलं, आणखी काही नाही. सायकल हातात धरून तो गल्लीत आला, तेव्हा मी ओट्यावरून उठून उभा राहिलो. पोत्याच्या जागी हौसाबाई असत्या तर, हे मला तेव्हा सुचलं. तोवर मी नुसता जिंकायची वाट बघत होतो.

दुपारी तो सायकल घेऊन ती दहा पावलं आला. पायडल माझ्यापुढं ठेवलं आणि ओट्याच्या कडेला बसला. 

मीच म्हणालो, "यशवंता, तू उलटं बसवत हुतास ते म्या बघितलं हुतं."

"ठाव हाय," तो म्हणाला. "तू बघतोयस म्हणून तर म्या इचारलं न्हाई."

 मी पायडल हातात घेऊन बघितलं, सायकलही बघितली. म्हटलं, डावी क्रँक, म्हणजे पायडल ज्यात बसतं तो दांडा, आतून खाल्लीय, उजवीही अर्धी गेलीय, दोन्ही बदलाव्या लागतील. आणि उद्याच्या उद्या कशाला, गुडघा सुजलाय. पोराला फोन कर, मोटारीतनं जा, देव काय मोटारीला नको म्हणत नाही.

यशवंतानं मान हलवली. सोललेल्या गुडघ्यावर फुंकर घातली. मग बोलला ते माझ्याकडं न बघता.

"हिची आई शेवटची घटका मोजत व्हती. सांगावा आला, लगोलग घिऊन या. म्या सुट्टीवर आलेलो. दारात सायकल व्हती. पर आमचा म्हातारा सोप्यावर बसलेला. त्येच्यादेखत बायकू सायकलवर कशी बसवायची? म्हून सायकल हातात धरली आन् ही माझ्या मागनं चालत."

"मग गावाबाहेर गेल्यावर बसवायची की."

"ते तर सांगतोय. बसवली न्हाई. रस्त्याला समदी भावकीची माणसं ऊस तोडत व्हती. मलाच लाज वाटली, गड्या. चार कोस हिला पायी चालवली. आमी पोचलो तवा माणसं तिला पोचवून, नदीवर न्हाऊन परत येत व्हती."

मी विचारलं, हौसाबाई काही बोलल्या होत्या का.

"कवाच न्हाई," तो म्हणाला. "आजपातूर न्हाई."

मी उठून पेटी उघडली. जुन्या क्रँका निघाल्या. क्रँका धरून ठेवणाऱ्या कॉटर पिना हातोड्यानं ठोकून काढल्या, क्रँका बदलल्या, पायडलं ज्याच्या त्याच्या बाजूला बसवली. चाक थोडं डुलत होतं, ती आउटही काढली, ब्रेकची रबरं बदलली. यशवंता पाने हातात देत होता. मागायच्या आधी बरोबर तोच पाना पुढं करायचा. माणसाला काम येत होतं, ते मला कबूल करावं लागलं. तोंडानं नाही केलं.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत दोघं बाहेर आले. हौसाबाई हिरवं लुगडं नेसल्या होत्या, हातात खणा-नारळाची पिशवी. यशवंतानं सायकल धरली. हौसाबाई कॅरियरजवळ गेल्या आणि थांबल्या. त्यांनी पदर डोक्यावरून पुढं ओढला, एकदा माझ्या ओट्याकडं बघितलं आणि तिथंच उभ्या राहिल्या. यशवंता खालच्या आवाजात म्हणाला, "बस की गं." त्या काही बसेनात.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. गल्लीतली मागची सगळी म्हातारी माणसं गेली. आता ओट्यावर बसलेलं थोरलं माणूस म्हणजे मीच.

मी सरकलो, भिंतीकडं तोंड केलं आणि तसाच बसून राहिलो. कॅरियर कुरकुरलं. मग चेन फिरायला लागली, सारखी, कुठंही न अडखळता. तो आवाज कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी मागं बघितलं नाही.