केशवमास्तरांचा पाळीव खडा

लोक गाय पाळतात, कोंबड्या पाळतात. शहापूरला आमच्या शेजारी राहणाऱ्या केशवमास्तरांनी तुरटीचा खडा पाळला होता. काचेच्या बरणीत तुरटीचं दाट पाणी, त्यात दोऱ्याला टांगलेला खडा आणि वर मलमलीचं फडकं. त्यांच्या घरात पाय आपटायचा नाही, दार लोटायचं नाही. "हळू! अणू बसताहेत," मास्तर ओठांवर बोट ठेवून सांगत, आणि आम्ही बाळंतिणीच्या खोलीत आल्यासारखे कुजबुजत बसायचो.

शाळेत मास्तर होण्यापूर्वी ते मुंबईला क्ष-किरणांच्या एका प्रयोगशाळेत होते. आई अंथरुणाला खिळली म्हणून गावी आले. आई गेली, मास्तर राहिले. तिथले प्रोफेसर मात्र त्यांना विसरले नव्हते. 'निर्दोष खडा वाढवून घेऊन या. क्ष-किरणांनी त्याचा फोटो काढू, आणि तुमची जागाही तुम्हाला देऊ,' असं त्यांचं पत्र आलं होतं. तेव्हापासून मास्तरांचा जीव त्या खड्यात. मी दर रविवारी विचारायचो, "झाला का हो?"

"एक कोपरा बसायचाय अजून."

खड्याला कोपरे असतात तरी किती, कोण जाणे! माघात मुगाएवढा असलेला खडा चैत्रात सुपारीएवढा झाला, ज्येष्ठात आवळ्याएवढा झाला, तरी तो कोपरा काही बसेना.

क्ष-किरणांची कीर्ती पार डोळखांबपर्यंत गेली होती. एकदा तिकडचा धाकू सुजलेलं मनगट घेऊन आला. "मास्तर, तुमी आतलं बघता ना? हाड मोडलंय का बघा जरा."

"अरे, मी नाही, यंत्र बघतं. आणि आम्ही हाडं नाही, अणू शोधतो. जंगलखात्याचे साग पाहिलेस? चालता चालता एका जागी आलं की दोन ओळींमधून आरपार दिसतं?"

"बघितलेत म्हंजे? आमीच लावलेत ते. साहेब दोरी धरून उभा व्हता."

"तस्सं! खड्यात अणू असेच ओळीने उभे. किरण त्यांतून गेले की पलीकडच्या काचेवर ठिपके उठतात. त्या ठिपक्यांवरून कोणता साग कुठे उभा आहे, ते गणिताने काढायचं."

धाकूने मान डोलावली. "सागाचं कळलं, मास्तर. माझ्या हाताचं काय?"

मास्तर ओशाळले. स्वतः हळद गरम करून लेप लावला, वर कामट्या बांधल्या. कामट्यांमधलं अंतर मात्र फुटपट्टीने मोजलं.

आषाढात घात झाला. विहिरीचं पाणी गढूळ झालं आणि पटकीच्या भीतीने गावात दवंडी पिटली: पाण्यात तुरटी फिरवा, उकळा, मगच प्या. दुकानातली तुरटी दुपारपर्यंत संपली. मास्तर शाळेत, आणि त्यांच्या घराची किल्ली आमच्याकडे. आमच्या हिने बरणीतला खडा दोऱ्यासकट उचलला आणि आमच्या, शेजारच्या, थेट कोपऱ्यावरच्या घरापर्यंतच्या हंड्यांत गरागरा फिरवून आणला. मी कचेरीतून आलो तेव्हा तो ओट्यावर सुकत होता. धारा गेलेल्या, कोपरे गेलेले. चोखलेल्या लिमलेटसारखा गुळगुळीत.

"अगं, ती त्यांची मुंबईची नोकरी होती!"

"तुरटी नव्हती होय?" ही रडवेली झाली.

तेवढ्यात मास्तर आलेच. त्यांनी खडा उचलून उजेडात धरला.

"भावोजी, चुकले मी."

"पाणी निवळलं का?"

"आरशासारखं."

"मग झालं तर." ते पायरीवर बसले. बराच वेळ खडा या हातातून त्या हातात करत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, रडू नका. फोटोला तांदळाच्या कणीएवढा खडा पुरतो. तेवढा तर माघातच झाला होता."

मी बघतच राहिलो. "मग गेला का नाहीत?"

"जायचं होतं हो. ट्रंकही भरली होती. पण मुंबईच्या खोलीवर परत आलं की 'जेवलात का' म्हणून विचारणारं कोणी नसतं. इथे भिंतीपलीकडून रोज विचारतात." एवढं बोलून ते लाजले आणि खड्याकडेच बघत राहिले.

अणूबिणू हिला कधीच कळले नाहीत. हे मात्र माझ्याआधी कळलं. डोळे पुसत ती आत गेली आणि तिने भिंतीपलीकडून मोठ्याने विचारलं, "भावोजी, जेवलात का?"

संध्याकाळचे साडेपाच वाजले होते.

"नाही," मास्तर म्हणाले, आणि पाय धुवायला उठले.